न सापडलेला बिघाड

कार्यक्रमाला जायचं मी ठरवलं तेव्हा घरात कुणालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर प्रत्येकाने एकेक कारण काढलं असतं आणि मी चिडून भांडी आपटली असती. त्यापेक्षा तिकिटं काढून मोकळी झाले आणि मग लेकीला फोन लावला.

"आई, तो रॉक कॉन्सर्ट आहे," ती म्हणाली. "ड्रम, गिटार, धूर, दिवे. तू आणि बाबा?"

"गाणी प्रभूचीच आहेत ना?"

"आहेत गं, पण..."

"मग झालं तर."

"अगं, कानठळ्या बसतील तुमच्या!"

"त्यासाठीच तर चाललोय," म्हटलं आणि फोन ठेवून दिला. दुकानात उसवायला घेतलेली पँट तशीच पडली होती. कपडे लहानमोठे करून देण्याचं माझं दुकान, आणि गिऱ्हाइकाला लेकीच्या काळज्या ऐकायला वेळ नसतो.

आमचे हे घाऊक भाजी बाजारात लिलाव पुकारायचे. बाजार समितीने यांना माईक दिला होता, तो कायम खणात पडलेला. या टोकाला उभं राहून यांनी कोबीचा भाव पुकारला की त्या टोकाला पोतं उचलणारा हमाल दचकायचा. सगळा बाजार यांना भोंगा म्हणायचा, तोंडावर म्हणायचा, आणि यांची छाती फुगायची. चर्चमध्येही तीच तऱ्हा. मी गायनवृंदात खालच्या पट्टीची बाजू धरते आणि हे समोर बाकावर बसून गायचे. सुरात? छे! सूर कधी यांच्या वाटेला गेला नाही आणि हे सुराच्या. पण गायचे असे दणकून की पेटीवाल्या बाईंनी वाजवणं थांबवलं तरी कुणाला पत्ता लागला नसता. पाळकसाहेब हसून म्हणायचे, "तुमच्या एका घरातून आम्हाला सूरही मिळतो आणि जोरही."

मग यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला आणि स्वरयंत्र काढून टाकलं. आता हे गळ्याच्या खाली ठेवलेल्या भोकातून श्वास घेतात. त्यावर बांधायला मी मऊ सुती पट्टे शिवलेत, शर्टाच्या रंगाला शोभतील असे. बोलायला एक मशीन आहे, हातातल्या टॉर्चएवढं. ते हनुवटीखाली टेकवून बटण दाबायचं, की ते घूंऽऽ करतं आणि तोंडाची हालचाल करून त्या घूं-मधून शब्द काढायचे. सगळे शब्द एकाच सुरात. यांनी "चहा" म्हटलं तर हवाय, झाला का, की थंड झालाय म्हणून राग आलाय, हे तोंडाकडे बघून ओळखायचं. मला येतं ते. माझं सगळं आयुष्य यांचं तोंड बघण्यातच गेलंय.

ऑपरेशननंतर हे चर्चला पहिल्यांदा आले तेव्हा मी वर गायनवृंदात उभी होते. गीत सुरू झालं, यांनी खिशातून मशीन काढलं, गळ्याला लावलं आणि गायला लागले. पहिली ओळही पुरी झाली नव्हती, तोवर अख्ख्या चर्चने माना वळवल्या. एका पोराने आईला मोठ्याने विचारलं, "माशी कुठाय गं?" पोराचं काय चुकलं? तसाच येतो तो आवाज. उपासना संपल्यावर पाळकसाहेब यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देव मनातलं गाणंही ऐकतो हो." चांगल्या मनानेच म्हणाले. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने जन्मभर बाजार डोक्यावर घेतला, त्याला मनात गायला सांगायचं?

त्यानंतर हे चर्चला आलेच नाहीत. रविवारी सकाळी घरभरच्या चपला-बूट काढून पॉलिश करत बसायचे. बाजारात यांना वजनकाट्यावर चिठ्ठ्या फाडायला बसवलं होतं, आणि तिथे आता सगळे यांना साहेब म्हणत. साहेब! घरी येऊन मला हे दोनदा सांगितलं यांनी, मशीन लावून, आणि तोंडाकडे बघताना मला रडू आलं होतं.

तेव्हा माझा हिशेब साधा होता. जिथे शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही अशा जागी यांना न्यायचं. एकदा मनसोक्त गायले की भीड चेपेल, आणि मग पुढच्या रविवारी बूट-पॉलिशची डबी मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकेन.

"धिंगाणा," हे मशीनमधून म्हणाले. गिटारवर प्रभूचं नाव घेणाऱ्यांबद्दल यांचं मत पूर्वीपासून असंच.

"तुम्ही गाऊ नका. नुसते उभे राहा माझ्याबरोबर. मी एकटी कशी जाऊ त्या गर्दीत?"

मी आयुष्यात कुठल्याही गर्दीला भ्यायले नाही हे यांना पक्कं ठाऊक. तरी आले. बायको खोटं बोलतेय हे कळूनही गप्प बसायचं शहाणपण यांच्यात आहे, त्यामुळेच आमचा संसार टिकला.

कार्यक्रम दुपारचा होता, खेळाच्या बंदिस्त सभागृहात. जमिनीवर मैदानाच्या पांढऱ्या-पिवळ्या रेघा तशाच, आणि स्टेजच्या डोक्यावर बास्केटबॉलची रिंग. चर्चला जातो तसे आम्ही इस्त्रीचे कपडे घालून, वेळेच्या खूप आधी पोचलो. आजूबाजूला सगळे काळ्या टी-शर्टातले. दारावरच्या मुलीने माझ्या हातावर स्पंजच्या केशरी गोळ्या ठेवल्या. "आजी, कानात घाला. आवाज फार मोठा असतो."

"बाई गं, तोच ऐकायला आलोय," मी म्हटलं आणि तिला परत केल्या.

जागा मी फार विचार करून घेतली होती. सभागृहाच्या बरोबर मध्ये एक चौकोन कठड्याने बंद केलेला असतो, त्याला लागूनची. यांच्या एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला मी. कुणी अनोळखी शेजारी नको आणि पळून जायलाही वाट नको. त्या चौकोनात काय असतं हे मात्र मी बघितलं नव्हतं. तिथे बटणांनी भरलेलं भलंमोठं टेबल होतं आणि त्यामागे कानांवर हेडफोन लावलेला, पिकायला लागलेल्या दाढीचा साउंडवाला. अख्ख्या सभागृहात बारीकसारीक आवाज पकडायचं काम असलेला एकच माणूस, आणि मी यांना नेऊन बसवलं त्याच्याच शेजारी.

दिवे गेले, धूर आला आणि पहिला ठोका पडला तो थेट माझ्या बरगड्यांत. मी यांच्याकडे बघितलं. हे हाताची घडी घालून उभे, चेहऱ्यावर भाव असा की कुजलेल्या टोमॅटोचं पोतं कुणीतरी वरच्या भावाने विकायला आणलंय. दुसरं गाणं झालं. गाणारी पोरगी हडकुळी, पण घसा असा की मला हेवा वाटावा. आजूबाजूची पोरं हात वर करून, डोळे मिटून गात होती, काहींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धिंगाणा म्हणावा तर तसं नव्हतं ते. हे यांनाही कळलं असावं, कारण हाताची घडी सुटली.

मग त्या पोरीने एक गीत सुरू केलं आणि मी यांचा दंड पकडला. आमच्या चर्चमध्ये लहानपणापासून गात आलेलं गीत ते. रात्रभर राबून रिकाम्या हाताने परतलेल्या कोळ्यांना प्रभू सांगतो, पुन्हा टाका जाळं. यांचं सगळ्यांत आवडतं. चाल तीच ठेवून खाली ड्रम आणि गिटार घातले होते, आणि ते गीत नुसतं उसळत होतं.

यांनी खिशात हात घातला.

मी बघितलंच नाही असं दाखवलं. मान समोर, नजर तिरकी. यांनी मशीन हनुवटीखाली टेकवलं, आणि यांचं तोंड उघडलं. केवढं उघडलं! मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, यांनाही येत नसणार. पण जबडा हलत होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, कपाळावर घाम होता. माझा नवरा गात होता. मी इतकी खूश झाले की माझी स्वतःची ओळ चुकले, जे गायनवृंदात कधी होत नाही.

तेवढ्यात त्या पोरीने माईक लोकांकडे धरला आणि ओरडली, "आता फक्त तुम्ही!"

असं करतात म्हणे या कार्यक्रमांत, मला काय माहीत! ड्रम थांबले, गिटार थांबल्या, सगळी वाद्यं एका क्षणात बंद. उरले फक्त माणसांचे आवाज, तेही हळू, गोड. "टाक जाळे पुन्हा, टाक जाळे पुन्हा..." आणि त्या गोड आवाजाच्या मधोमध, घूंऽऽऽ.

पुढच्या रांगेतल्या जोडप्याने मागे वळून बघितलं. त्यांच्या पुढच्यांनीही. साउंडवाल्याने तर हेडफोनच उपसून काढले. "हमिंग येतंय!" तो समोरच्या तारांकडे झेपावला. "अर्थिंग बघ, अर्थिंग!" असं कुणाला तरी छोट्या वायरलेसवर सांगत टॉर्च लावून टेबलाखाली शिरला.

यांचा अंगठा बटणावरून उठला. घूं थांबलं. टेबलाखालून साउंडवाल्याचं डोकं वर आलं, कान टवकारलेले. यांनी मशीन खिशात टाकलं, मान खाली घातली आणि माझ्या खांद्याला हात लावला. सरक, असा.

मी सरकले नाही.

यांनी पुन्हा खांदा दाबला. मी समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि पाय रोवले. लोक गीताची तीच ओळ पुन्हा पुन्हा आळवत होते.

"जायचं असेल तर तसं बोलून सांगा," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मग मशीन काढलं. "चल."

साउंडवाला पुन्हा टेबलाखाली गेला.

"का?"

"पुरे झालं."

टॉर्चचा उजेड कठड्याच्या कडेकडेने सरकायला लागला.

"काय पुरे झालं? एक गीत धड पुरं केलं नाही तुम्ही!"

"लाज वाटते मला," हे म्हणाले. एका सुरात, बाकी सगळं म्हणतात तसंच. पण तोंड मी बघत होते. "सगळ्यांना वाटतं काहीतरी बिघडलंय."

कठड्यापलीकडे साउंडवाला गुडघ्यांवर बसून एकेक वायर उपटून परत खोचत होता. हे बोलले की घूं येत होतं, थांबले की जात होतं, आणि त्या बिचाऱ्याला वाटत होतं वायर हलवल्यामुळेच येतंय-जातंय. दुसऱ्या कुठल्या वेळी मी पोट धरून हसले असते. तेव्हा हसू आलं नाही. हे आत्ता या दारातून बाहेर पडले तर आयुष्यात पुन्हा गाणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. यांना पुन्हा कुठे नेण्याचा डाव माझ्याकडे उरला नव्हता.

आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं, ते घूं मला का खुपतंय ते. मोठं आहे म्हणून ते खुपत नव्हतं. ते गीताच्या मुख्य सुराच्या जरासं खाली होतं, अगदी केसभर. आमच्या गायनवृंदात नवीन बाई आली की असंच होतं. तिला मी गप्प बसवत नाही, कोपराने ढोसून वर घेते.

"दाबा," मी म्हटलं.

"काय."

"बटण दाबा. आणि सोडू नका."

माझा आवाज तेव्हा कसा होता देव जाणे, पण यांनी दाबलं. मशीनच्या बुडाशी एक बारीक चाक असतं, त्याने आवाज वर-खाली होतो. हॉस्पिटलमधल्या बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी ते एकदा लावून दिलं होतं आणि म्हणाल्या होत्या, याला आता हात लावू नका. मी लावला. यांच्या गळ्याशी वाकून, नखाने, लोकांच्या आवाजाकडे कान ठेवून फिरवायला लागले. घूं वर चढलं. जास्त चढलं, पुढच्या बाईने दचकून मान वळवली. मी तिच्याकडे असं बघितलं की ती परत समोर वळली. चाक थोडं मागे घेतलं. दोन सूर जवळ आले की त्यांच्यात एक थरथर होते, ती व्हायला लागली, मग संथ झाली, आणि मग गेली.

घूं गेलं नव्हतं. ते गीताच्या तळाशी जाऊन बसलं होतं. शेकडो लोक वर गात होते, आणि खाली तो एक सूर पक्का उभा होता, जसा पेटीवाल्या बाई डाव्या हाताने एक पट्टी दाबून धरतात. हे जन्मात पहिल्यांदा सुरात होते.

"आता गा," मी कानाशी म्हटलं.

हे गायले. सुरुवातीला ओठांतल्या ओठांत, मग जबडा मोकळा झाला. "टाक जाळे पुन्हा." पुढच्या रांगेतलं कुणी वळलं नाही. दया आली म्हणून नव्हे, वळून बघण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. कठड्यापलीकडे साउंडवाला उठला, हेडफोन कानाला लावून डोळे मिटून ऐकत राहिला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. शेवटी हात लावलेली वायर त्याने चिकटपट्टीने पक्की केली आणि दूर स्टेजजवळच्या माणसाला अंगठा वर करून दाखवला. गेला बिघाड!

ड्रम परत आले, गीत संपलं, टाळ्यांचा गडगडाट झाला. हे घामाने चिंब. मला वाटलं आता मशीन खिशात जाईल. पुढचं गाणं सुरू झालं, आमच्या दोघांच्याही ओळखीचं नाही, पट्टीही वेगळी. यांनी बटण दाबलं आणि हनुवटी वर करून गळा माझ्यासमोर धरला. मी कान अगदी मशीनला भिडवून चाक फिरवलं. त्यानंतरच्या प्रत्येक गाण्याला असंच. शब्द येत नव्हते तिथे हे नुसतं "आ" करायचे, आणि वाद्यं पुन्हा थांबली तेव्हा यांचा अंगठा हलला नाही. माझं नख तुटलं, पण एकदाही मला उशीर झाला नाही.

कार्यक्रम संपला, दिवे लागले. पोरं घोळक्याने बाहेर पडत होती. आम्ही गर्दी ओसरायची वाट बघत होतो आणि साउंडवाला कठड्याशी वायरी गुंडाळत होता. आमच्याकडे लक्ष गेल्यावर तो ओशाळून हसला.

"काका, काकू, सॉरी हं. मघाशी घूं-घूं येत होतं ना? तुम्ही अगदी शेजारीच होतात, त्रास झाला असेल. अर्थिंगचा काहीतरी घोळ होता. केला मी दुरुस्त."

त्याला काही कळलं नव्हतं आणि कळणारही नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. कुणी काही बोललं की यांच्या वतीने मी उत्तर देते, तशी मला सवयच लागली होती, म्हणून मी तोंड उघडलं. यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

मग सगळ्या उजेडात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, मशीन काढून गळ्याला लावलं.

"घोळ नव्हता. तो माझा आवाज होता."

साउंडवाल्याच्या हातातलं वेटोळं सुटून जमिनीवर पडलं. त्याने मशीनकडे बघितलं, टेबलाखालच्या चिकटपट्टीकडे बघितलं, पुन्हा यांच्याकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही... पण नंतर तर गेला होता तो!"

"गेला नव्हता. शेवटपर्यंत गायलो मी." आजूबाजूची चार-पाच पोरं थबकून ऐकायला लागली होती, आणि यांना ती दिसत होती. यांनी बटण पुन्हा दाबलं. "रविवारी आमच्या चर्चमध्ये गाणार आहे. या. टॉर्च आणू नका."

सगळं एका सुरात म्हटल्यामुळे हसायचं की हो म्हणायचं ते त्या बिचाऱ्याला कळेना. मला यांच्या तोंडाकडे बघून कळलं, आणि मी पिशवी उचलली.